भात उतरवायची घंटा

भाद्रपद आला की मी चिंबोऱ्यांवर चिडते. एरवी माझे त्यांच्याशी काही वाकडे नाही. तिखट रस्सा आणि सोबत तांदळाची भाकरी, याला मी कधी नको म्हटलेले नाही. पण भाद्रपदात भाताच्या लोंब्यांत दूध भरते, पौर्णिमा-अमावास्येला खाडी बांधाच्या काठाशी येऊन टेकते, आणि नेमक्या त्याच दिवसांत या खेकड्यांच्या जातीला बांधात घरे करायची असतात.

आमचे गाव रेवदंड्याच्या खाडीच्या आतल्या अंगाला. भरतीचे पाणी वर आणि शेते खाली, असा उलटा कारभार. मध्ये मातीचा बांध आहे म्हणून भात पिकते. बांधाला एक लाकडी दार आहे, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला ते उघडून शेतातले पावसाचे पाणी खाडीत सोडायचे, भरती चढायच्या आत लावून घ्यायचे. ज्या घराची पाळी असेल त्याने उघाडी सांभाळायची आणि बांधावरून फेऱ्या मारून बिळे बुजवायची. एक बीळ नजरेतून सुटले तर आधी बोटाएवढी धार लागते, मग मनगटाएवढी, मग बांधाला खांड पडते आणि खारे पाणी थेट शेतात. एकदा खारे घुसले की ती जमीन दोन-तीन पावसाळे कामातून गेली. म्हणून भाद्रपदात मी बांधावरून मान खाली घालून चालते. नवख्या माणसांना वाटते बाई मनातल्या मनात प्रार्थना करते आहे. मी बिळे बघत असते.

यंदा चिडायला आणखी एक कारण आहे, आणि ते चिखलाने बुजत नाही. गणपती यायच्या आधीच विलायतेत लढाई सुरू झाल्याची बातमी आली. माझा मुलगा इनास बोटीवर आहे, भटारखान्यात. मुंबईहून बोट सुटली तेव्हा लढाई नव्हती. आता आहे, आणि बोट कुठे आहे ते कोणी सांगत नाही. नवरा मुंबईत एका खाणावळीत स्वयंपाकी आहे. तो बोटवाल्यांच्या कचेरीत जाऊन बाकावर बसतो आणि तसाच उठून येतो. इथे वर्तमानपत्र अलिबागच्या मोटारीने एक दिवस शिळे होऊन पोचते. वाण्याच्या दुकानात ते मोठ्याने वाचतात. बोट बुडाल्याची बातमी आली आणि मी तिथे उभी असले, तर वाचणारा मध्येच साखरेच्या भावावर उडी मारतो. त्याला वाटते मला कळत नाही.

माणसे विचारतात, इनास कुठे आहे? मी सांगते, पाण्यावर. याहून जास्त मलाही ठाऊक नाही.

काहीजणी म्हणतात, तुमचे बरे आहे, तुमचा देवावर भरवसा आहे. जणू भरवसा म्हणजे इरले. डोक्यावर घेतले की आत सगळे कोरडे. माझा भरवसा आहे, आणि तरी काल मी आमटीत दोनदा मीठ घातले. परवा कोंबड्यांना टाकायचे दाणे हातात घेतले आणि ते चुलीत टाकले. फुटाण्यासारखे तडतडले तेव्हा भानावर आले.

अशा वेळी मला मिठाच्या सालचा भाद्रपद आठवतो. आमच्याकडे ते साल त्याच नावाने ओळखतात, नऊ वर्षे झाली त्याला. उन्हाळ्यात माणसे किनाऱ्यावर मीठ उचलायला गेली, पावसाळ्यात रानात सरकारी लाकूड तोडायला. कोणाचा भाऊ तुरुंगात, कोणाचा मेहुणा डोके फुटून घरी. रस्त्यावर पोलीस दिसले की बाजार अर्ध्यावर मोडायचा. रोज नवी अफवा यायची आणि संध्याकाळी ती खोटी ठरायच्या आत दुसरी यायची. उद्या काय होईल हे कोणाला माहीत नव्हते. ज्यांना माहीत आहे असे वाटत होते त्यांचेच आवाज मोठे होते.

गावात ख्रिस्ती घरे तीन. साहेब ख्रिस्ती, आम्ही ख्रिस्ती, म्हणजे आम्ही साहेबाचे. इतका सोपा हिशोब काही तरुण मंडळींनी मांडला होता. मी आयुष्यात साहेब एकदाच जवळून बघितला होता, तोही मचव्यातून उतरताना चिखलात बसला तेव्हा. पण हे कोणाला सांगणार. विहिरीवर मी गेले की बायकांचे बोलणे थांबायचे आणि रहाटाची कुरकुर तेवढी ऐकू यायची. उघड कोणी काही बोलले नाही. तेच वाईट होते. उघड बोलले असते तर मी उत्तर दिले असते.

घरात आम्ही दोघी, मी आणि सासूबाई. नवरा तेव्हाही मुंबईत, इनास तिकडेच आत्याकडे शाळेला. सासूबाईंचे नाव कतरीन, गाव त्यांना कतरीनबाय म्हणायचे. अंगाने काडीसारख्या, बोलायला कमी, आणि जे बोलायच्या ते कोयत्याने तोडल्यासारखे. टेकाडावर आमच्या तीन घरांचे एक छोटे देऊळ आहे. चार भिंती, कौले, आत मरियेची मूर्ती आणि दारात खांबाला टांगलेली घंटा. घंटा एका फुटलेल्या गलबताची, त्यामुळे तिचा आवाज देवळाच्या मानाने जरा जास्तच मोठा. पाद्री महिन्यातून एकदा होडीने यायचे. बाकीचे दिवस देऊळ सासूबाईंचे. रोज दुपारी बारा वाजता त्या घंटा वाजवायच्या. तीन ठोके, थांबून प्रार्थना, पुन्हा तीन, पुन्हा प्रार्थना, पुन्हा तीन, आणि शेवटी नऊ ठोके सलग.

गावाला या घंटेचा आमच्यापेक्षा जास्त उपयोग होता. शेतात माणसे त्यावर भाकरीला बसायची. शेजारची सोनाबाय पहिल्या ठोक्याला भात निखाऱ्यावर वाफेला ठेवायची आणि शेवटचा ठोका थांबला की उतरवायची. तिचा भात गावात नावाजलेला होता. मी तिला एकदा म्हटले, निम्मे पुण्य आमच्या देवाचे. ती म्हणाली, असेल, पण तांदूळ माझे.

आणखी एक रिवाज होता, अजूनही आहे. गणपतीच्या दिवसांत उघाडीची पाळी ख्रिस्ती घरांची आणि नाताळात व गुड फ्रायडेला हिंदू घरांची. कोणी ठरवले माहीत नाही, पण सोयीचे आहे. भाद्रपदातले मोठे उधाण अनंत चतुर्दशीला येऊन भिडते आणि त्या दिवशी सारा गाव गणपतीत गुंतलेला असतो. आमच्या घरात गणपती नसतो, म्हणून आम्ही बांधावर.

त्या साली गणपतीच्या आधी धाकूदादांच्या ओटीवर बैठक झाली. धाकूदादा सोनाबायचे यजमान, बांधाचा सगळा कारभार त्यांच्याकडे. आम्हांला बोलावणे नव्हते. पण सोनाबायने आतून ऐकलेले सगळे मला तांदूळ निवडता निवडता सांगितले, दुसऱ्याच गावची गोष्ट असावी अशा आवाजात. तिचा पुतण्या हरी मुंबईहून खादीची टोपी घालून आला होता. त्याचे म्हणणे, यंदा बांध ख्रिस्त्यांच्या हातात देऊ नये. पोलिसांची लाँच खाडीतून येणार अशी बातमी आहे, आणि उघाडीवर कोण, तर साहेबाच्या धर्माची माणसे. धाकूदादांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, बरं, मग गणपती सोडून उघाडीवर तू बसतोस? ओटीवर जो तो तंबाखू मळू लागला. शेवटी हरी उठता उठता म्हणाला,

"बसूं द्या त्यांना. पन बांधाला काय झालं, तर समजून जा सगल्यांनी."

खांड कोणाच्याही पाळीत पडू शकते. चिंबोरी टोपी बघत नाही. पण त्या साली आमच्या पाळीत खांड पडली असती, तर ती चिंबोरीने पाडली असे कोणी म्हटले नसते. मग या गावात आम्हांला राहणे नव्हते. घर, शेत, देऊळ, सगळे टाकून मुंबईला एका खोलीत नवऱ्यापाशी जायचे, एवढेच उरले असते.

मी सासूबाईंना म्हटले, पाळी सोडून देऊ. ताप आला म्हणून सांगू. त्या चूल फुंकत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आणि देवाला काय सांगू? माझ्या सुनेला खोटा ताप आला म्हणून?"

त्याच्या आधीच्या महिन्यात पाद्री आले होते, झगा गुडघ्यापर्यंत भिजलेला. दिवस वाईट आहेत, देवावर भिस्त ठेवा, असे सांगून त्यांनी खडकावर बांधलेल्या घराची गोष्ट सांगितली. पाऊस आला, पूर आला, पण घर पडले नाही. परत येताना मी सासूबाईंना विचारले, आपल्या गावात खडक कुठे आहे? वीतभर खणले की गाळ. त्या म्हणाल्या, पाद्री किल्ल्याशेजारी खडकावर राहतात, त्यांचं बरोबर आहे. आणि पुढे चालू लागल्या. मला वाटले चेष्टा केली. आता वाटते त्या नुसते खरे तेच बोलल्या. गाळावर राहणाऱ्याला खडकाची गोष्ट ऐकून धीर येत नाही. त्याला दर साली चिखल टाकावा लागतो.

गणपतीचे दिवस आम्ही दोघींनी पाळी केली. दुसऱ्या ख्रिस्ती घराला कुलूप होते, तिसऱ्यात पेद्रूकाका एकटे, खरोखरच्या तापाने आडवे. ओहोटीला उघाडी उघडायची, भरतीच्या आधी लावायची, फेरी मारायची, बीळ दिसले की पेंढ्याचा बोळा ठोसून वर चिखल थापायचा. मला झोप नीट लागत नव्हती. चालताना मागे कोणी आहे असे वाटायचे. बघितले तर बगळा. मरियेचा सण जवळ आला होता, म्हणून सासूबाईंची नऊ दिवसांची प्रार्थना चालू होती. मी शेजारी गुडघे टेकून बसायचे आणि मनात बिळे मोजायचे.

अनंत चतुर्दशीला पाऊस थांबला होता, पण वारा खाडीकडून होता. तो वारा पाण्याला आत ढकलतो. दुपारची भरती चढायला लागली तेव्हाच मला कळले की आज काठ गाठणार. गावात ढोल सुरू झाले होते. विसर्जन दुपारनंतर, त्याआधी घराघरांत आरत्या आणि नैवेद्य. झांजांचा आवाज वाऱ्यामुळे कधी जवळ यायचा, कधी मिटून जायचा.

बीळ मला आमच्या शेताच्या अंगाला दिसले. म्हणजे बीळ नाही, पाणी दिसले. बांधाच्या आतल्या बाजूला पायथ्याशी एक धार. धार स्वच्छ असेल तर फार घाबरायचे नसते, पाणी नुसते झिरपत असते. ही गढूळ होती. गढूळ धार म्हणजे बांध आतून पोखरून निघाला आहे. मी पेंढा ठोसला, तो परत माझ्या हातात आला. पदर खोचून खाली उतरले, चिखलाचे गोळे मारले, ते विरघळले. शेवटी मी त्या भोकाला पाठ लावून बसले, पाय समोर रोवले, आणि सासूबाईंना म्हटले की जा, माणसे बोलवा.

गाव लांब नव्हता, पण त्यांच्या पायांना लांब होता, आणि ढोलांत त्यांची हाक कोण ऐकणार? त्या क्षणभर उभ्या राहिल्या आणि टेकाडाकडे वळल्या. देऊळ जवळ होते.

थोड्या वेळाने घंटा वाजली. तीन ठोके. मला इतके बरे वाटले की मी पाठ जरा सैल सोडली आणि खारे पाणी कमरेजवळून आत गेले. मग लक्षात आले. भरती चढत होती, सूर्य डोक्यावर होता, दुपारचे बारा वाजत होते. ही घंटा रोज याच वेळी वाजते. गावात कोणी मान वर करून बघणार नव्हते. भात वाफेला लागले असतील, बस्स. वीस वर्षे एक बाई रोज न चुकता घंटा वाजवते, आणि ज्या दिवशी खरी गरज पडते त्या दिवशी तिची तीच वेळ असते.

मी तिथे बसून प्रार्थना केली असे लिहिले तर ते खोटे होईल. मी हरीला शिव्या दिल्या. मुंबईत बसलेल्या नवऱ्याला दिल्या, खडकावरच्या पाद्र्यांना दिल्या, आणि मग देवालाही एक-दोन. पाठीमागे बांध हलत होता. जनावराच्या पोटात हालचाल होते तसे काहीतरी माझ्या पाठीला लागत होते. खाडीच्या बाजूला पाणी माझ्या डोक्याच्या वर होते आणि मध्ये होता वीस-पंचवीस पावसाळे खाल्लेला चिखल.

पण घंटा थांबली नाही. तीन, तीन, तीन, मग नऊ, आणि नऊच्या पुढे दहावा ठोका पडला. अकरावा. मग मी मोजणे सोडले. एका लयीत, घाई नाही, जोर कमी-जास्त नाही, काडीसारख्या हाताने ती बाई दोरी ओढत होती. तोवर मला वाटत होते की घंटा गावासाठी आहे. तिथे बसून कळले की त्या आवाजाने मीच जागेला बांधले गेले आहे. ती वाजवते आहे तोवर मला उठता येणार नव्हते. कोणी येईल असे मला वाटत होते का? नाही. मला उठता येत नव्हते, एवढेच.

सगळ्यांत आधी बांधावर जो दिसला तो हरी. धावत, उघडा, टोपी कुठेतरी पडलेली. त्याने मला बघितले, भोक बघितले, खाली उडी मारली आणि माझ्या शेजारी पाठ लावली. त्याच्या मागून धाकूदादा, मग पंधरा-वीस माणसे, कपाळाला गुलाल, हातात कुदळी आणि घमेली. कोणीतरी गणपतीच्या मखराचा बांबूच उपटून आणला होता.

काय झाले होते ते मागाहून कळले. सोनाबायने पहिल्या ठोक्याला भात वाफेला ठेवला आणि घंटा थांबायची वाट बघत बसली. घंटा थांबेना. भात करपायला लागला, वास सुटला, तरी थांबेना. तेव्हा ती हातात भात वाढायचा डाव घेऊन ओटीवर आली, आरती चालली होती तिच्या मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "कतरीनबाय कदी चुकत न्हाय. बांधाव जा."

बांध पूर्ण वाचला नाही. माझ्या आणि हरीच्या मध्ये बांधाचा वरचा भाग खचायला लागला तेव्हा धाकूदादांनी आम्हां दोघांना ओढून बाहेर काढले. पाणी अडवायचे तर आता एकच जागा होती, आमच्या शेताच्या पलीकडचा आडवा बांध. तो उंच केला की मागचा सगळा गाव वाचत होता, आणि आमचे शेत खाडीला मिळत होते. धाकूदादांनी माझ्याकडे बघितले. विचारले नाही. मी म्हटले, टाका. त्यांनी चिखल टाकायला सुरुवात केली. भरती उतरेपर्यंत मी तिथेच उभी होते. दूध भरलेल्या लोंब्या पाण्यावर डोलत होत्या, वरून काहीच झाले नाही अशा.

घरी आल्यावर मी सासूबाईंवर चिडले. कोणावर तरी चिडायचेच होते. त्यांच्या तळहाताची साल निघाली होती, मी खोबरेल लावत होते आणि बोलत होते. तुमच्या देवाने सगळ्यांचे राखले आणि आपले तेवढे घेतले, असे म्हटले.

"घेतलं ते खाऱ्या पाण्यानं," त्या म्हणाल्या. "देवाच्या नावावर कशाला घालतेस?"

"मग देवानं काय केलं?"

त्यांनी जरा विचार केला. त्यांना खरेच विचार करावा लागला, हे मला आवडले. मग म्हणाल्या, "मी मधेच थांबणार होते. बारा वाजलेत हे मलाही कळलं होतं. थांबू दिलं नाही त्यानं. लाव तेल."

बस्स. यापुढे त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत. रात्रीचे जेवण सोनाबायकडून आले. करपलेला भात होता. निरोप असा की ज्यांच्यामुळे करपला त्यांनीच खावा. आम्ही खाल्ला. कापणीला घराघरांतून एकेक भारा आमच्या खळ्यावर येऊन पडला. कोणी टाकला ते बघायला मी बाहेर गेले नाही. हरी माफी मागायला आला नाही आणि मीही वाट बघितली नाही. नाताळात उघाडीची पाळी मात्र त्याने आपणहून मागून घेतली. आमचे शेत तीन पावसाळे पांढरे राहिले. चौथ्या साली हिरवे झाले, तेही कडेकडेने.

सासूबाई जाऊन आता पाच वर्षे झाली. घंटा माझ्याकडे आली. मी त्यांच्याइतकी भाविक नाही; कधी कधी मधल्या प्रार्थनेत मला कोंबडीचे खुराडे आठवते. पण वेळ चुकवत नाही. लोक म्हणतात आशा धरा, आणि मला वाटते की तसे म्हणताना त्यांच्या मनात शेवट गोड झालेली गोष्ट असते. मी शेवट गोड झालेला बघितलेला नाही. गाव वाचला, शेत गेले, लाँच कधी आलीच नाही, नंतर दुसऱ्या अफवा आल्या. देवावर भरवसा ठेवणे म्हणजे काय होणार ते माहीत असणे नव्हे, एवढे मला त्या दिवशी चिखलात कळले. काय होणार ते माहीत नसताना दहावा ठोका मारणे, हे त्यांना जमले. मला जमेल का, हा माझा प्रश्न आहे, आणि यंदा तो फार जवळ आला आहे.

आता चार-पाच दिवसांपूर्वीचे सांगते. गौरी गेल्या त्या दिवसाचे. सकाळी रेवदंड्याहून आलेल्या माणसाने नवऱ्याचा निरोप आणला. बोट ज्या बंदरात पोचायला हवी होती तिथे पोचलेली नाही. कचेरीत म्हणतात, वाट बदलली असेल. असेल म्हणतात, आहे म्हणत नाहीत. निरोप्याला मी ताक दिले. तो गेल्यावर भांडे घासले. मग बारा वाजले, टेकाडावर गेले आणि दोरी हातात घेतली.

तीन ठोके झाले हे आठवते. पुढचे नीट आठवत नाही. मी त्या बोटीच्या भटारखान्यात होते. तिथे आचेचा उजेड होता, इनास कांदा कापत होता आणि त्याने वर बघितले नाही. भानावर आले ते दंड भरून आले म्हणून. घंटा वाजतच होती आणि वाजवत मी होते. किती वेळ झाला होता कोण जाणे. दोरी सोडून मागे वळले तर टेकाडाच्या पायथ्याशी माणसे. कुदळी, घमेली, पेंढ्याचे भारे. पुढे हरी, आता त्याचे केस पिकायला लागले आहेत. त्याच्या मागे सोनाबाय, धापा टाकत, हातात डाव.

लाजेने माझे कान तापले. आता यांना काय सांगायचे? एवढी माणसे जेवणावरून उठवून आणली.

मी म्हटले, बांधाला काही झालेले नाही.

हरीने खाडीकडे बोट केले. ओहोटी होती. अष्टमीच्या सुमारास दुपारी खाडी रिकामी असते, हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. पाणी पार मध्यावर गेले होते आणि चिखलात बगळे उभे होते.

"ते मलाबी दिसतंय, वैनी," तो म्हणाला. "येतानाच दिसत व्हतं."

सोनाबायने विचारले, इनासचं काय कळलं? मी नाही म्हणून मान हलवली. होईल सगळे नीट, असे ती म्हणाली नाही, आणि त्याबद्दल मी तिची जन्मभर आभारी राहीन. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, भात तर गेलाच माझा. एक-दोघे हसले. मग हरी म्हणाला की कुदळी आणल्याच आहेत, तर उधाणाच्या आधी बांधावरून एक फेरी मारून घेऊ. सगळे खाली उतरले. मीही गेले. पुष्कळ बिळे निघाली, चार तर उघाडीच्या अगदी शेजारी. माझ्या नजरेतून सुटलेली.

आज बारा वाजता मी मोजून घंटा वाजवली. तीन, तीन, तीन आणि नऊ. नवव्यानंतर हात दोरीवरच राहिला, पण ओढली नाही. गावाला रोज रोज धावायला लावता येत नाही. खाली सोनाबायच्या घरातून झाकण काढल्याचा आवाज आला.

इनासची अजून काही खबर नाही. उद्या अनंत चतुर्दशी, दुपारी उधाण, आणि पाळी आमची आहे. पेंढ्याचे बोळे करून ठेवले आहेत.